एक स्मोक पडला की साइट सोडून पळायचं, हे कुठलं डिफेन्स?

आज परत तेच झालं. काउंटर-स्ट्राइक २ (पाच विरुद्ध पाचचा शूटिंग गेम), मिराज हा मॅप, स्कोअर ११-११, आम्ही सीटी, म्हणजे ए आणि बी या दोन साइटवर समोरच्यांना बॉम्ब लावू न देणारे. पाचही जणांकडे रायफल, ग्रेनेड, सगळं. बी साइटवर आम्ही दोघं, मी व्हॅनपाशी आणि दुसरा शॉर्टवर. एक विंडोत, एक कनेक्टरला, एक ए वर (ही सगळी मॅपवरच्या जागांची नावं). यापेक्षा साधी मांडणी असू शकत नाही.

ए वर दोन स्मोक (धुराचे ग्रेनेड) पडले, एक फ्लॅश (डोळे दिपवणारा ग्रेनेड) फुटला. झालं! "ए, ए, ए, सगळे ए!" असा आरडाओरडा सुरू झाला. रडारवर बघतो तर विंडोवाला निघालेला, आणि माझा शॉर्टवाला मार्केटमधून धावत सुटलेला. मी माइकवर ओरडून सांगतोय, अरे थांब, बॉम्ब दिसलाय का कुणाला? ऐकतंय कोण!

दोन स्मोकवरून पाच माणसं कशी मोजता रे तुम्ही? एका वेळी माणसाकडे एकच स्मोक असतो. म्हणजे तिकडे एखाद-दोन माणसं आहेत, एवढंच कळलं. बाकीचे तिघं कुठे आहेत? ए वर उभा असलेल्याने एक तरी माणूस डोळ्यांनी पाहिला होता का? नव्हता. बॉम्ब पाहिला होता का? नव्हता. आणि वर मलाच सांगतात, "बी कडे काही आवाज नाहीये." अरे, शिफ्ट दाबून चाललं की पाय वाजतच नाहीत! हे खेळाच्या पहिल्या दिवशी कळतं. अपार्टमेंट, म्हणजे त्यांची बी वर यायची वाट, शांत आहे म्हणजे ते रिकामं आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?

चौघं आले. चौघं! मी अपार्टमेंटच्या तोंडाशी आग टाकली, त्यांनी त्यावर स्मोक टाकून ती विझवली आणि सरळ बाहेर पडले. दोघांना मी मारलं, तिसऱ्याने मला. साइट एकट्याने धरणाऱ्याचं काम सगळ्यांना मारणं नसतंच. त्याने अडवायचं, वेळ काढायचा, किती आले ते ओरडून सांगायचं, तेवढ्यात बाकीच्यांनी यायचं. ते सगळं मी केलं. पण येणार कुठून? जे दोन पावलांवर असायला हवे होते ते मॅपच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एका रिकाम्या रॅम्पवर बंदूक रोखून बसले होते.

नेम चुकला तर मला राग येत नाही. माझाही चुकतो, सगळ्यांचा चुकतो. पण जागा सोडणं म्हणजे नेम चुकणं नाही. तो तुम्ही शुद्धीत घेतलेला निर्णय आहे, आणि त्याची किंमत मागे उरलेला एकटा मोजतो.

त्यांनी बॉम्ब लावला. त्यानंतरचं रिटेक, म्हणजे साइट परत घेणं, तर बघवत नव्हतं. आमचे चार, त्यांचे तीन. बॉम्ब फुटायला ४० सेकंद. एकत्र थांबा, एकदम शिरा, एवढंच करायचं होतं. पण एक मार्केटमधून एकटा शिरला आणि एकाला घेऊन मेला. मग पाच-सात सेकंदांनी दुसरा शॉर्टवरून. मग तिसरा. शेवटी त्यांचा एकही जिवंत नव्हता आणि आमच्यातला उरला होता तोच, साइट सोडून पळालेला शॉर्टवाला.

तो बॉम्ब डिफ्यूज, म्हणजे निकामी करायला बसला. ते काम लवकर करणारं किट नाही! राऊंड सुरू होताना त्याच्याकडे तीन हजारांच्या वर डॉलर शिल्लक होते, मी स्कोअरबोर्डवर पाहिले होते. किट ४०० ला येतं. किट असेल तर डिफ्यूज ५ सेकंदांत होतं, नसेल तर १०. आणि माझं किट व्हॅनपाशी माझ्या बॉडीशेजारी पडलेलं, जमिनीवर, स्वच्छ दिसत होतं. त्याच्यावरून नुसतं चालत गेलं तरी ते उचललं जातं. आम्ही चौघं मेलेले एकसुरात ओरडतोय, "किट घे, व्हॅनजवळ किट आहे!" हा त्याच्या बाजूने पळत गेला आणि तसाच बसला. डिफ्यूज व्हायला दोन सेकंद उरले असताना बॉम्ब फुटला.

मग चॅटमध्ये त्याने काय लिहावं? "बी वर कोण होतं? होल्ड करता येत नाही का?"

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. तरी पुढच्या राऊंडला मी शिव्या घातल्या नाहीत. शांतपणे म्हटलं, भावा, एकच कर, मी नाव घेऊन बोलावल्याशिवाय शॉर्ट सोडू नकोस. "ओके" म्हणाला.

राऊंड सुरू झाला. ए वर एक फ्लॅश फुटला. एक! मी रडारवर पाहिलं, तो मार्केटच्या दारात पोचला होता आणि अपार्टमेंटमधून पहिला माणूस माझ्यावर उडी टाकत होता.