‘जुनी काढा, लिथियम बसवा, निघा’ म्हणे!

मोटारहोमच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या, बॅटऱ्यांवरचा तो पाच मुद्द्यांचा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी सोडून दिला होता. काल तो दादाकडूनच आला, वर शेरा : ‘बघ, तू उगाच खर्च वाढवत होतास.’ दादाच्या गाडीतल्या, म्हणजे दिवे-पंखा-फ्रिज चालवणाऱ्या, बॅटऱ्या मेल्यात आणि या आठवड्यात तो नव्या घेणार आहे. आता गप्प बसून चालणार नाही.

‘लेड-ॲसिड काढा, त्याच वायरींना लिथियम जोडा, बाकी काही बदलू नका.’

सगळ्यात घातक वाक्य हेच. लेड-ॲसिड, म्हणजे नेहमीची जुनी, बॅटरी भरत आली की आपणहून कमी करंट घ्यायला लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट (गाडीत बसवतात ती ‘लिथियम’ हीच) तसं करत नाही; जवळजवळ भरेपर्यंत मिळेल तेवढा करंट ओढते. इंजिनावरचा साधा अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर वीज बनवणारा जनरेटर, असा तासन्‌तास पूर्ण भार वाहायला बनवलेलाच नसतो. त्यात गाडी उभी आणि इंजिन आयडलिंगला असलं की अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो. गरम व्हायला सगळी कारणं, थंड व्हायला एकही नाही. बॅटऱ्या-चार्जर बनवणाऱ्या विक्ट्रॉन एनर्जी कंपनीनं याच्या चाचणीचा व्हिडिओच केलाय : कमी आरपीएमवर अल्टरनेटरमधून धूर निघतो. ही कंपनी स्वतः लिथियम बॅटऱ्या विकते, त्यामुळे ‘लिथियमविरोधी प्रचार’ म्हणून उडवून लावायचीही सोय नाही. आणि चार्जिंग चालू असताना बीएमएसनं (लिथियमच्या आतलं, तिला जपणारं सर्किट) बॅटरी अचानक तोडली, तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात ते वेगळंच. अल्टरनेटर आणि बॅटरीच्या मध्ये डीसी-डीसी चार्जर टाकला की करंटला मर्यादा येते. मी ‘वाढवलेला’ खर्च तो हा.

‘100 एएच लिथियम म्हणजे 200 एएच लेड-ॲसिड.’

एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीतला साठा. बरं, हे बऱ्यापैकी खरं आहे. लेड-ॲसिड निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर मरते. लिथियम 80 टक्के वापरली तरी कुरकुरत नाही. वजनही निम्म्याहून कमी. पण हा हिशेब साठ्याचा झाला. एका दमात किती करंट मिळेल ते बीएमएस ठरवतं. 1500 वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला 12 व्होल्टवर 125 अँपिअर मागतो, वर त्याची स्वतःची गळती. बीएमएस 100 अँपिअरचं असेल तर विजेची शेगडी लावताच सगळी गाडी अंधारात.

‘थंडीचा लिथियमवर परिणाम नाही.’

वापरताना फारसा नाही. पण शून्य अंशाखाली चार्ज केली तर आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि गेलेली क्षमता परत येत नाही. थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारं बीएमएस आहे का, एवढं विचारून घ्यावं.

‘ट्रकची सेल्फची बॅटरीही चालते.’ नाही चालत. तिच्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर जोर लावण्यासाठी. रात्रभर उतरवायला लागलात तर थोड्याच दिवसांत संपेल.

‘व्होल्टमीटरवर चार्ज कळतो.’ लेड-ॲसिडचा अंदाज येतो. लिथियमचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास हलतच नाही. शंट, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारं उपकरण, लावा.

दादा, पैसे देण्याआधी दोन फोटो पाठव : एक अल्टरनेटरच्या लेबलचा, एक बाहेरच्या विजेवर चालणाऱ्या चार्जरचा. चार्जरवर लिथियमची सेटिंग नसेल तर तोही बदलायचाय.