पंचविशीत क्रिकेट सोडलं म्हणजे पळाला का?

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. घरच्या ग्रुपवर काकांनी एक रील टाकलं, 'भारतात येऊन करिअर संपलेले परदेशी खेळाडू' असलं काहीतरी. त्यात इंग्लंडच्या झफर अन्सारीचा फोटो, मागे रडकं म्युझिक, आणि खाली काकांची मल्लिनाथी: "तीन टेस्ट खेळून पळाला. दम नाही आजकालच्या पोरांत." त्यावर घरच्यांचे धडाधड अंगठे.

अहो, पळाला कुठे?

२०१६ साली कुकची इंग्लंडची टीम आपल्याकडे आली होती, आठवतंय? राजकोटला आपल्या अजिंक्यला १३ वर बोल्ड केलं तो हा डावखुरा स्पिनर. मी तेव्हा टीव्हीसमोर बसून त्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. पुढे विशाखापट्टणमच्या टेस्टनंतर पाठीनं दगा दिला, तो घरी परतला आणि त्याच्या जागी लियम डॉसनला बोलावलं. मग एप्रिल २०१७ मध्ये या पोरानं जाहीर केलं की बास झालं. क्रिकेट हा माझ्या आयुष्याचा एक भाग होता, मला आणखीही काही करायचंय, बहुधा वकिली. आणि केली ना! बॅरिस्टर झाला. याला पळणं म्हणतात?

आता दादाचं सांगते. जवळच्या लोकांना माहीतच आहे. आमचा दादा ओपनर. शाळेत असताना मुंबईची शालेय स्पर्धा हॅरिस शिल्ड, मग क्लबांची पावसाळी कांगा लीग. पावसाळ्यात ओल्या विकेटवर, चिखलात लोळून यायचा आणि आई बादलीभर पांढरे कपडे भिजत घालायची. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे ऑफिसातली उमेदवारी, सुरू झाली तसा तो एक दिवस जेवताना म्हणाला, "बाबा, मी या वर्षीपासून खेळत नाही." बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेले. क्लबचे सर घरी येऊन म्हणाले, इतकी वर्षं पाणी घातलं ते काय कुंडीतल्या तुळशीला? दादा काही बोलला नाही. तेव्हाही काका होतेच तिथे. तेव्हाही हाच शब्द. पळपुटा.

म्हणून आज इतकं झोंबलं.

दम नाही म्हणे! २०१५ मध्ये अन्सारीची युएईच्या दौऱ्यासाठी इंग्लंडच्या टीममध्ये निवड झाली आणि त्याच दिवशी ओल्ड ट्रॅफर्डला त्याच्या सरे या काउंटी क्लबकडून फील्डिंग करताना अंगठा दुखावला. दौरा हुकला. तो पुन्हा उभा राहिला आणि पुढच्या वर्षी ढाक्याला पहिली टेस्ट खेळला. आणि खेळता खेळताच केंब्रिजमधून राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्रात डबल फर्स्ट, म्हणजे दोनदा पहिला वर्ग, घेतलं, वर इतिहासात एमए केलं. आपल्याकडे मुलगा दहावीला असला तरी टेनिस बॉलसुद्धा कपाटात कुलूपबंद करतात.

आणि काउंटी क्रिकेट, म्हणजे इंग्लंडमधलं आपल्या रणजीसारखं क्रिकेट, म्हणजे काय लॉर्ड्सच्या बाल्कनीतला चहा वाटतो का लोकांना? एप्रिलमधल्या बोचऱ्या थंडीत, रिकाम्या खुर्च्यांसमोर चार-चार दिवसांच्या मॅच. अठरा काउंट्या, त्यात शेकडो पोरं, त्यातली मूठभर इंग्लंडकडून खेळणार. बाकीचे काँट्रॅक्ट टू काँट्रॅक्ट. सप्टेंबर आला की कोणाला ठेवणार, कोणाला नारळ देणार याची धाकधूक. तिशीत पोहोचल्यावर 'आता दुसरं काय येतं तुला?' हा प्रश्न. तो प्रश्न एखाद्यानं पंचविशीतच स्वतःला विचारला, तर त्याचं कौतुक करायचं की रील बनवायचं?

बरं, मान्य. अन्सारीचे आईवडील दोघंही इतिहासाचे प्राध्यापक, घरी पुस्तकं, पाठीशी केंब्रिज. त्याला सोडणं परवडलं. विरारहून पहाटेच्या लोकलनं किटबॅग घेऊन येणाऱ्या पोराला ही चैन नाही. आणि सीझन सुरू झाल्यावर क्लबला असं सांगणं... ते जरा तसंच. पण म्हणून पळपुटा?

इंग्लंडचा बॅट्समन जेम्स टेलर आठवा. लेस्टरशायर, मग नॉटिंगहॅमशायर. उंचीनं छोटासा, पण शॉर्ट लेगला, बॅट्समनच्या अगदी पुढ्यात उभा राहून, काय कॅच घ्यायचा! २०१५ च्या वर्ल्ड कपमध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियासमोर नाबाद ९८, आणि शेवटी अँडरसनला रनआउट देण्यात अंपायरांनी घातलेला घोळ. एप्रिल २०१६ मध्ये, सव्वीस वर्षांचा असताना, हृदयाचा गंभीर आजार निघाला आणि खेळ एका झटक्यात बंद. त्याला निवड करायला मिळालीच नाही. त्याच्यासाठी सगळे हळहळले, मीही हळहळले. पण ज्यानं धडधाकट असताना शांतपणे विचार करून बॅट ठेवली, त्याच्या वाट्याला मात्र टिंगल. म्हणजे आजारी पडून सुटलं तर चालतं, मनानं सोडलं तर नाही. कमाल आहे!

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. बाबांचंच आठवतंय. दादानं सोडल्यावर त्याची बॅट माळ्यावर गेली. पण दर रविवारी, आंघोळीच्या आधी, बाबा स्टुलावर चढून ती खाली काढायचे. जुन्या बनियनच्या चिंधीवर जवसाचं तेल घेऊन पुढून चोळायचे, कडांना चोळायचे, स्टिकरवर थेंब जाऊ द्यायचे नाहीत. मग परत वर. कोणी खेळणार नव्हतं त्या बॅटनं. दादा शेजारी बसून पेपर वाचायचा. दोघंही एक शब्द बोलायचे नाहीत. आईनं एकदा विचारलं, कशाला करता? तर म्हणाले, "लाकूड तडकतं."

त्यांना वाईट वाटलं होतं हे मला कळतं. वाईट वाटू दे की. आपण त्या पोरांच्या डबे-बॅगा-फियांमध्ये स्वतःची किती स्वप्नं कोंबलेली असतात. पण पुढे बाबाच दादाची सीएची मार्कशीट क्लबच्या सरांना दाखवायला घेऊन गेले होते. काकांना हे कधी सांगितलं नाही कुणी. आज सांगितलं.

दादा आता ऑफिसच्या टुर्नामेंटमध्ये खेळतो. परवा पहिल्याच बॉलवर एलबीडब्ल्यू झाला आणि अंपायरशी भांडून आला. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पाय पुढे काढला नसणार. कधीच काढला नाही गाढवानं."