‘पिस्कोहून विमान असताना नाझ्का कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

पेरू देशातल्या पाराकास आणि नाझ्काच्या दोन दिवसांच्या सहलीवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. तिचा गोषवारा असा : नाझ्काच्या वाळवंटात जमिनीवर काढलेल्या प्राचीन, प्रचंड रेषा आणि आकृत्या दाखवणारी विमानं पाराकासजवळच्या पिस्कोहूनही उडतात, मग वाचकांना नाझ्कापर्यंत बसमध्ये कशाला बसवता, पाराकाससमोरच्या बायेस्तास बेटांवर ‘जाऊन’ प्राणी पाहता येतात हे खोटं आहे, आणि कोकणात कातळशिल्पं असताना पेरूचं कौतुक कशाला. शेवटी, ‘इकडून तिकडून उचलून लिहिणाऱ्यांनी निदान नकाशा तरी बघावा.’

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण तेच लागलं. या किनाऱ्यावर मी चार वेळा गेलो आहे, त्यातले दोन वेळा गट घेऊन. लेखातली एकही वेळ, एकही अंतर मी उचललेलं नाही. माहिती चुकली असं म्हणा, मी तपासून बघेन. चोरीचा आरोप करायचा तर कुठून चोरलं तेही सांगावं लागतं. ते तुम्ही सांगितलेलं नाही.

एक चूक मान्य. ‘बेटांवर जाऊन’ हा शब्दप्रयोग ढिला होता. बायेस्तासवर पर्यटकांना उतरता येत नाही. पाराकासच्या एल चाको धक्क्यावरून निघालेली बोट दोन तासांत बेटांना फेरी मारून परत येते. तेवढं वाक्य बदललं आहे. पण ‘खोटं’ हा शब्द तुम्ही जपून वापरायला हवा होता. बोट खडकांच्या इतकी जवळ जाते की इंका टर्न पक्ष्याच्या लाल चोचीशेजारची पांढरी मिशी दुर्बिणीशिवाय दिसते. समुद्रसिंहांचं ओरडणं आणि गुआनोचा, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचा, उग्र वास तर त्याआधीच पोहोचतो.

आता पिस्को. तिथून विमानं उडतात हे मला ठाऊक आहे. तरीही लेखात मी नाझ्का सुचवलं, त्याचं कारण सकाळ. या सहलीत सगळ्यात अपुरी पडते ती सकाळच. पाराकासला दुपारनंतर वारा सुटतो, कधीकधी वाळूसकट, आणि समुद्र खवळतो, म्हणून बोट आठ-दहाच्या सुमाराचीच धरायची. वाळवंट तापलं की हवेत हेलकावे वाढतात, म्हणून विमानही सकाळचंच चांगलं. दोन्ही एकाच दिवशी घातलीत तर एकाला दुपार येते. वर बोटीत डचमळलेलं पोट घेऊन विमानात चढायचं.

पिस्कोहून उड्डाण साधारण दीड तासाचं. त्यात रेषांवर घालवलेला वेळ नाझ्काच्या पस्तीस मिनिटांच्या उड्डाणाइतकाच. बाकीचा वेळ जाण्यायेण्याचा. भाडं दुपटीहून जास्त. विमान प्रत्येक आकृतीवर आधी एका बाजूला कलतं, मग वळून दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोन्हीकडच्या खिडक्यांना ती दिसावी. डझनभर आकृत्या म्हणजे वीस-पंचवीस तीव्र वळणं. उलटी होते ती यामुळे, आणि जास्त करून कॅमेऱ्यातून बघणाऱ्यांना. पंखाचं टोक बघायचं, आकृती त्याच्या खाली असते. उलटीची गोळी अर्धा-एक तास आधी, नाश्ता हलका. पोलरायझर फिल्टर काढून ठेवायचा, नाहीतर खिडकीच्या प्लास्टिकमुळे फोटोत इंद्रधनुषी पट्टे येतात. जागा वजन करून देतात, खिडकीसाठी वाद घालून उपयोग नाही.

आणि किनाऱ्यावर धुकं बसलं तर? पिस्कोहून दुसरा प्रयत्न दुसऱ्या दिवशीच, तोवर तुमची लिमाची बस चुकलेली. नाझ्का समुद्रापासून आत, पाचशे मीटर उंचीवर आहे; तिथे धूसर हवेने उड्डाण थांबलं तरी विमानतळावर बसून राहिलं की बहुतेक दोन-तीन तासांत नंबर लागतो. माझा क्रम म्हणून असा : पहिल्या सकाळी बोट, अकराच्या सुमाराला बस, इकामार्गे साडेतीन-चार तासांत नाझ्का, मुक्काम, दुसऱ्या सकाळी विमान.

बसच्या प्रवासातून तुम्हाला काय मिळतं हे तर तुम्ही विचारातच घेतलं नाही. नाझ्काला पोहोचून टॅक्सीने पंचवीसेक किलोमीटर मागे आलं की महामार्गालगत लोखंडी मनोरा आहे. वरून ‘हात’ आणि ‘झाड’ या आकृत्या दिसतात. त्या हातांना बोटं नऊच आहेत. शेजारच्या सरड्याच्या आकृतीला महामार्गाने मधोमध कापलंय. उन्हं कलल्यावर तिथे उभं राहिलं की रेषा कशी केली ते नीट दिसतं : गंजासारखे काळपट-तांबूस दगड उचलून कडेला रचलेत आणि खालची फिकट पिवळी जमीन उघडी पडलीय. खोली वीतभर, कुठे त्याहून कमी. पाऊस जवळजवळ नाही म्हणून ती टिकली. २०१८ मध्ये एक मालट्रक रस्ता सोडून आत शिरला, त्याच्या चाकांचे चर तीन रेषांवर उमटले. ही जमीन किती नाजूक आहे ते विमानातून कळत नाही, आणि माझ्या मते तेच कळणं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

कोकणाबद्दल : कातळशिल्पं जांभ्यात कोरलेली आहेत, नाझ्काला दगड हलवलेत. तंत्र वेगळं, काळ वेगळा. एकाबद्दल लिहिलं म्हणजे दुसऱ्याचा अपमान होत नाही. यावर जास्त बोलायची माझी इच्छा नाही.

तुमच्या गटाचं पिस्कोचं बुकिंग झालंय असं तुम्ही लिहिलंत. मग एवढं करा : बोट आदल्या सकाळी घ्या आणि बोटीत डाव्या बाजूला बसा, कारण जाताना द्वीपकल्पाच्या उतारावरचा ‘कँडेलाब्रा’ (मेणबत्तीदाणीच्या आकाराची प्रचंड आकृती) तिकडेच येतो. विमान दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या फेरीचं मागा, पासपोर्ट जवळ ठेवा, आणि लिमाची परतीची बस संध्याकाळच्या आत ठेवू नका.