महाधमनीचं ऑपरेशन झाल्यावर पाय कोण बघतंय, हे विचारा

छातीतल्या महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, फुगा आलाय म्हटल्यावर नातेवाईक विचारतात सर्जन कोण, किती तास लागतील, खर्च किती. साहजिक आहे. पण कार्डियाक भूलतज्ज्ञ म्हणून मला मनापासून वाटतं की अजून एक गोष्ट विचारायलाच हवी, ऑपरेशननंतर पेशंटचे पाय हलतात की नाही हे रात्रभर कोण बघणार?

कारण पाय हलवणाऱ्या मज्जारज्जूचं, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या नसांच्या दोरीचं, बरंचसं रक्त येतं महाधमनीच्याच फांद्यांतून. त्यातली सगळ्यात मोठी, अ‍ॅडमकिविझची धमनी म्हणतात ती, बहुतेकांत डावीकडून छातीच्या खालच्या मणक्यांपाशी निघते. फुगलेला भाग काढून ग्राफ्ट (कृत्रिम नळी) शिवताना महाधमनी चिमट्याने दाबून बंद ठेवणारा क्लॅम्प लागतो, काही फांद्या कायमच्या बंद होतात, आणि माणूस वाचतो पण पाय जातात. ह्यूस्टनचे सर्जन क्रॉफर्ड यांच्या १५०९ पेशंट्सचा जो हिशोब १९९३ मध्ये छापून आला त्यात १६ टक्के लोकांच्या पायांतली ताकद कमी झाली होती किंवा पूर्ण गेली होती.

तेव्हापासून बरंच सुधारलंय. क्लॅम्पच्या खालच्या भागाला पंपाने रक्त देतात, शरीर थोडं थंड करतात, मोठ्या फांद्या परत जोडतात. आणि कमरेतून बारीक नळी (ड्रेन) घालून मज्जारज्जूभोवतालचं पाणी काढतात, कारण मीन (सरासरी) बीपीतून त्या पाण्याचा दाब वजा केला की जे उरतं त्यावरच मज्जारज्जू जगते. सर्जन कोसेली यांच्या २००२ च्या अभ्यासात १४५ पेशंट होते, ड्रेन नसलेल्यांत १३ टक्क्यांचे पाय गेले किंवा कमजोर झाले, ड्रेनवाल्यांत २.६.

पण खरी काळजी पुढेच आहे. पेशंट शुद्धीवर येतो, दोन्ही पाय उचलतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जरा रक्त गेलं, बीपी उतरलं की पाय जड पडतात. लगेच लक्षात आलं, बीपी चढवलं, पाणी काढलं, हिमोग्लोबिन सावरलं तर बरेचदा परत येतात. चार तासांनी राउंडला कळलं तर अवघड. आपल्याकडे महाधमनी म्हटली की बीपी खाली ठेवायची सवय हातात इतकी बसलीये की मॉनिटरवर मीन ९० दिसलं तरी कुणीतरी बीपीचं औषध चालू करतं, इथे मात्र मीन ८० च्या खाली जाऊच द्यायचं नाही, वरची मर्यादा सर्जनने टाक्यांचा अंदाज घेऊन ठरवायची.

ड्रेनही नुसता उघडा सोडून चालत नाही. साधारण पाण्याचा दाब १० (मिमी पारा) आणि तासाला १०-१५ मिली, जास्त वाहिलं तर मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो. फिजिओवाल्यांनी पलंगाचं डोकं वर केलं आणि ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारं यंत्र) जुन्याच उंचीवर राहिला तर आकडा खोटा येतो, पाणी जमा होणाऱ्या बाटलीची उंची चुकली तर पाणी भसकन वाहतं. हे सगळं सांभाळणारी सिस्टर त्याच वेळी दुसऱ्या व्हेंटिलेटरवर धावत असेल तर कसं जमणार? पहिले ४८ ते ७२ तास एका पेशंटला एक सिस्टर, यात काटकसर नको असं माझं ठाम मत आहे.

आणि हो, मांडीतून स्टेंट (कापड लावलेली जाळीची नळी) टाकला म्हणजे हा धोका नाही असं समजू नका. लांब स्टेंटने त्याच फांद्या झाकल्या जातात, आणि त्या परत जोडताही येत नाहीत.

ज्युनियर डॉक्टरांनो, चार्टवर मीन बीपीची खालची मर्यादा ठळक लिहा, दर तासाला दोन्ही पाय उचलायला लावून नोंद करा, आणि एक जरी पाय ढिला वाटला तर रात्री तीन वाजताही फोन करा.