पारसिक हिलचा चढ आणि माझं अर्धं वाक्य

नमस्कार.

‘इलेक्ट्रिक तीनचाकीला चढाची भीती नाही, मोटार शून्यापासून पूर्ण ताकद देते’ हे माझ्या जुन्या लेखातलं वाक्य वाचून तुम्ही गाडी घेतलीत. आता पाण्याचे तीस जार भरून बेलापूरहून पारसिक हिलवर जाताना दुसऱ्या फेरीला ती अर्ध्यातच दम सोडते, दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालते. गॅरेजवाला म्हणतो मोटार गेली, अख्खं युनिट बदला. ‘तुम्ही लोक गाडी न चालवताच लिहिता,’ असं तुम्ही लिहिलंत. तुमचा राग रास्त आहे. माझं ते वाक्य अर्धंच होतं.

मोटार शून्यापासून पूर्ण ताकद देते हे खरं, पण ती किती वेळ देते हे मी लिहिलं नव्हतं. जाहिरातीतला मोठा आकडा थोड्या वेळापुरता असतो. आपल्याकडच्या एआयएस ०४१ या वाहन-चाचणीच्या मानकात म्हणूनच ३० मिनिटं टिकणारी शक्ती वेगळी मोजतात. रेल्वेच्या मोटारींनाही तासाभराचा आणि अखंड चालण्याचा असे दोन आकडे असतात. कसारा घाटात रेल्वेला ३७ फुटांना १ फूट चढ आहे, तर तिथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावतात. तुमच्या गाडीला बँकर नाही.

आता तुमचा हिशेब. गाडी, तुम्ही आणि ५०० किलो माल मिळून १,००० किलो धरू. सपाट ठाणे-बेलापूर रस्त्यावर ती ओढायला साधारण २० किलोचा जोर पुरतो. दहाला एक असा चढ लागला की त्याच गाडीला १२० किलोच्या आसपास जोर लागतो, जवळजवळ सहापट. मोटारीचा जोर करंटवर ठरतो आणि तारांतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. तीस जार म्हणजे रिकाम्या जारांच्या वजनासकट ६२० किलो. एकूण वजन बारा टक्क्यांनी वाढलं, तर उष्णता वाढली पंचवीस टक्क्यांनी. दुसऱ्या फेरीला मोटार आधीच तापलेली असते. मोटारीला करंट सोडणारा कंट्रोलर ते बघतो आणि करंट कमी करतो. तो तसं करतो म्हणून वेटोळ्यांचं इन्सुलेशन आणि आतले चुंबक वाचतात. अति तापून चुंबकांचं चुंबकत्व एकदा उतरलं की ते पुन्हा तसे होत नाहीत.

‘मी तर हळूच चढवतो,’ असं तुम्ही म्हणता. नेमकं इथेच माझ्याकडे येणारे बहुतेक चालक फसतात. वेग कमी केला तर बॅटरीवरचा भार उतरतो, पण चढावर गाडी धरायला लागणारा जोर तेवढाच राहतो, म्हणजे मोटारीतला करंटही तेवढाच. शिवाय चढायला वेळ जास्त लागतो, म्हणून ती जास्त वेळ तापते. सगळ्यात वाईट म्हणजे बंगल्याच्या गेटपाशी ब्रेक न लावता ॲक्सलेटरवर गाडी तोलून धरणं. चाक फिरत नाही, त्यामुळे सगळा करंट कंट्रोलरच्या त्याच एक-दोन स्विचांतून वाहत राहतो. रबाळ्याला माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येणारे जळके कंट्रोलर बऱ्याचदा असेच गेलेले असतात. हँडब्रेक लावा, ही एवढी एक सवय लावून घ्याच.

आता गॅरेजवाल्याचं. जळालेली मोटार दहा मिनिटं विश्रांती घेऊन बरी होत नाही. तुमची होते, म्हणून युनिट बदलायला पैसे देऊ नका. सकाळी थंड गाडी पहिल्याच चढाला अडली, तर तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर तपासून घ्या. गंजला असेल तर तो खोटंच ‘तापलंय’ सांगतो. चार्जिंग कमी झाल्यावरच अडत असेल, तर बॅटरीचा व्होल्टेज पडतोय. तुमच्या वर्णनावरून मला उष्णताच वाटते, तेव्हा मोटार थंड ठेवणाऱ्या तिच्या अंगावरच्या पट्ट्यांत (फिनमध्ये) थापलेला चिखल आधी काढा. गाडी निवल्यावर काढा, तापलेल्या मोटारीवर पाण्याचा फवारा मारू नका.

चोवीस जार, दोन फेऱ्यांत वीस मिनिटांची विश्रांती, आठवडाभर. तरीही अडली तर गाडी घेऊन या, करंट आणि तापमान दोन्ही मीटरवर तुमच्यासमोर बघू. जुन्या लेखातलं ते वाक्य मी आज बदललंय. आता तिथे लिहिलंय: चढ चढेल, पण वजन आणि वेळ मोजून.