बेस-६४ ला चावी नसते

बेस-६४ म्हणजे कोणतीही माहिती ६४ ठरलेल्या चिन्हांत लिहिण्याची पद्धत. ‘फाइल किंवा मजकूर बेस-६४ मध्ये बदलला की तो एन्क्रिप्ट होतो, त्याचा आकार घटतो आणि शेवटचे बरोबरचे चिन्ह (=) ही गुप्त चावीची खूण असते,’ असा दावा संगणक शिकणाऱ्यांमध्ये वारंवार फिरतो. यातले एकही विधान खरे नाही, आणि पहिल्यावर विसंबून लोक पासवर्ड उघड्यावर ठेवतात, याची मला खरी काळजी वाटते.

एन्क्रिप्शनला, म्हणजे मजकूर गुप्त करण्याला, चावी लागते; बेस-६४ ला ती नसते. बेस-६४ मध्ये तीन बाइटांचे २४ बिट घेऊन त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडतात आणि प्रत्येक गटाच्या ० ते ६३ या किमतीसाठी ठरलेल्या तक्त्यातले चिन्ह लिहितात. हा तक्ता २००६ सालच्या आरएफसी ४६४८ या जाहीर दस्तऐवजात कोणालाही वाचता येतो. देवनागरी ‘अ’ यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट व्यापतो. त्याच्या चार गटांच्या किमती ५६, १०, १८ आणि ५ अशा येतात, म्हणून त्याचे रूप रोमन लिपीत ‘४, के, एस, एफ’ असे होते. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह आणि मात्राही तीनच बाइटांची असल्याने, मराठी शब्दाच्या बेस-६४ रूपात दर चार चिन्हांनी ‘४, के’ ही जोडी आणि तिच्यामागे ‘एस’ किंवा ‘डब्ल्यू’ हमखास येतो. मजकूर उलगडण्याआधीच ज्याची लिपी नुसत्या नजरेला ओळखू येते, त्याला गुप्त म्हणता येणार नाही. एचटीटीपी या वेबच्या देवाणघेवाणीच्या नियमावलीतील लॉगिनच्या ‘बेसिक’ पद्धतीत नाव आणि पासवर्ड याच रूपात जातात, त्यामुळे टीएलएसचे, म्हणजे वाटेतला मजकूर एन्क्रिप्ट करणाऱ्या व्यवस्थेचे, संरक्षण नसेल तर ते वाटेत कोणालाही वाचता येतात.

आकार घटत नाही, वाढतो. तिनाचे चार होत असल्याने ३०० केबीचे छायाचित्र ४०० केबीचे होते, आणि ईमेलमध्ये दर ७६ चिन्हांनंतर ओळ तोडावी लागत असल्याने त्यात आणखी थोडी भर पडते. हा भुर्दंड सोसण्याचे कारण असे की १९८२ सालच्या एसएमटीपी या ईमेल पाठवण्याच्या नियमावलीमध्ये टपाल सात बिटांच्या आस्की (मूळ इंग्रजी अक्षरसंच) मजकुराचेच असे, आणि छायाचित्राचे आठ बिटांचे बाइट त्या वाटेने धड पोहोचण्याची हमी नव्हती.

राहिले बरोबरचे चिन्ह. ते चावीची नव्हे, अपुरा गट भरून काढल्याची खूण असते. तीन-तीन बाइट घेताना शेवटी एकच बाइट उरला तर ते दोनदा येते, दोन उरले तर एकदा, आणि तिनाने पूर्ण भाग गेला तर येतच नाही. ‘आई’ या शब्दाचे सहा बाइट पुरे भरतात, म्हणून त्याच्या शेवटी ते चिन्ह नसते.