गाडी बंद पडली काय?

गणपतीत घर भरलेलं असताना ही गोष्ट बोलायची नव्हती, पण बोलून गेलो. दुपारची जेवणं झालेली, पडवीत सतरंज्यांवर सगळे आडवे, मुंबईवाले, बदलापूरवाले, चुलत मावस सगळे, आणि मी आपला सहज म्हणालो की डिसेंबरात रत्नागिरीच्या वरच्या टोकाला असलेल्या बाणकोटपासून सिंधुदुर्गाच्या खालच्या टोकाच्या रेडीपर्यंत चालत जायचा विचार आहे, समुद्राच्या कडेकडेने, माझ्या हिशेबाने चारशे किलोमीटरच्या आसपास, वीस-बावीस दिवस लागतील.

मिनिटभर कुणी काहीच बोललं नाही. मग आई आतून पदराला हात पुसत आली आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "कुणाला बरं नाहीये?"

तिच्या हिशेबाने माणूस इतका चालतो तो दोनच कारणांनी, एकतर गाडी नाही नाहीतर नवस आहे. गाडी तर दारात उभी होती. म्हणजे नवस. आणि नवस म्हणजे घरात कुणाला तरी काहीतरी झालंय आणि ते तिच्यापासून लपवलं जातंय. तिने बायकोच्या तोंडाकडे बघितलं, बायकोने माझ्या. मी म्हटलं, अगं सगळे ठणठणीत आहेत, मला आवड म्हणून चालायचंय.

"आवड म्हणून?" आई खालीच बसली. "माझी आई डोक्यावर टोपली घेऊन संगमेश्वरच्या बाजाराला जायची, अनवाणी. गावात पहिली एसटी आली ना, तेव्हा तिने त्या ड्रायव्हरला ओवाळलं होतं. आणि हा चाललाय आवड म्हणून."

यावर काय बोलणार. मी आपला गप्प. तेवढ्यात बदलापूरच्या चुलतभावाने संधी साधली, "अरे २०२१ला चिपीला विमानतळ झाला, लोक विमानाने सिंधुदुर्गात उतरतात आणि तू चालत जाणार?" दुसरा भाऊ जरा कायदेपंडित आहे, तो म्हणाला दाभोळला आणि जयगडला फेरीबोट लागते, बोटीत बसलास की ते चालणं राहिलं कुठे, बाद. दादाने मात्र डोळे मिटूनच विचारलं, "डिसेंबरात? मोहोराच्या टायमाला? मग फवारणी कोण करणार?" आमच्या पंचेचाळीस हापूस कलमांवर तुडतुडा पडला तर त्याला मीच जबाबदार, हे तिथल्या तिथे ठरलं.

त्यानंतर खाडी. मी हे जाहीर केल्यापासून मला निदान चाळीस जणांनी एकच गोष्ट सांगितली असेल, "पण मध्ये खाडी आहे ना!" दूधवाल्याने सांगितलं, केस कापताना न्हाव्याने सांगितलं, मुलीच्या बाईंनी पालकसभेत सांगितलं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असा भाव की बघ, हे तुझ्या लक्षातच आलं नव्हतं. अरे बाबा मी जन्मलो इथे. दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला अर्जुना, विजयदुर्गला वाघोटण, शाळेत पाठ करून घेतलंय आमच्याकडून. बहुतेक ठिकाणी आता पूल झालेत आणि दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट आहे. हे सगळं शांतपणे सांगितलं की समोरचा क्षणभर विचार करायचा आणि मग म्हणायचा, "हां... पण बिबट्या?"

शेजारचे तात्या बिबट्यावर थांबले नाहीत, ते थेट चकव्यावर गेले. रात्रीचं चालू नको, चकवा लागला तर माणूस त्याच त्या जागी फिरत राहतो, तसं झालं तर खाली बसायचं आणि उजाडेपर्यंत उठायचं नाही. मी म्हटलं तात्या, मोबाईलमध्ये जीपीएस आहे. तात्या म्हणाले, "जीपीएसलाच चकवा लागला तर?" आणि खरं सांगू का, काही काही आडवाटांवर तो मॅप जे दाखवतो ते बघता तात्यांचं अगदीच चूक नाही.

पण सगळ्यात मोठी खाडी होती ऑफिसची. रजेच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'चालणे'. तासाभराने आस्थापनावाल्या मॅडमचा फोन, "सर, अर्ज अर्धवट राहिलाय तुमचा. काय चालणे? उपचार चालणे, का कोर्टात केस चालणे?" मी म्हटलं मॅडम, मी चालणे. पायांनी. त्यांनी फोन ठेवला आणि अर्ज साहेबांकडे पाठवला.

साहेबांनी बसवून घेतलं, चहा मागवला. चहा मागवला म्हणजे प्रकरण गंभीर. मी पण तयारी करून गेलो होतो. म्हटलं साहेब, अमेरिकेत अ‍ॅपलाचियन ट्रेल म्हणून पायवाट आहे, जॉर्जियापासून मेनपर्यंत, साडेतीन हजार किलोमीटर, लोक पाच-पाच सहा-सहा महिने चालतात, काही जण तर नोकऱ्या सोडून. (तिथेही म्हणे असा बेत सांगितला की लोक आधी अस्वलाचं विचारतात आणि मग बंदूक नेणार का ते. आपल्याकडे आधी बिबट्या आणि मग "जेवायचं काय?") साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नोकऱ्या सोडून ना? मग सोडा."

मग त्यांनाच दया आली. "अहो, गुडघ्याचं ऑपरेशन लिहा." मी म्हटलं गुडघ्याच्या नावावर रजा काढून चारशे किलोमीटर चालायचं? "कारण खरं असायला पाहिजे असं कोण म्हणतंय, कारण पाहिजे." शेवटी 'धार्मिक कार्य' असं लिहून दिलं. दोन मिनिटांत सही. वर साहेबांनी विचारलं, "प्रसाद आणणार ना?"

तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं, पण झालो नाही. नोव्हेंबरात एका रविवारी प्रॅक्टिस म्हणून रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला चालत निघालो. पंचवीसेक किलोमीटर. पाठीवर भरलेली सॅक, पायात नवे बूट, डोक्याला टोपी. साखरतरचा पूल येईपर्यंत चार जण थांबले होते. पहिला रिक्षावाला, "काय वो भाऊ, गाडी बंद पडली काय?" नाही म्हटलं, चालतोय. "बसा बसा, पैसे नको." मी म्हटलं तसं नाही हो, मला चालायचंच आहे. तर तो निघून जाईल की नाही? छे. माझ्या बाजूने पहिल्या गियरमध्ये पन्नास-साठ मीटर रिक्षा चालवत राहिला, माझ्याकडे बघत, म्हणजे आत्ता हा पडेल आणि मग आपण उचलू.

लिफ्ट नाकारणं हे एवढं अवघड काम असेल असं वाटलं नव्हतं. आपल्याकडे कुणी गाडी थांबवली आणि आपण बसलो नाही तर तो सरळ सरळ अपमान असतो. काळबादेवीच्या पुढे ओळखीचे एक काका स्कूटरवरून आले, माझ्या वडिलांचे मित्र, वय सत्तरच्या पुढे, स्कूटरचं वयही तेवढंच वाटावं. थांबले. मी पाया पडलो, पाठीवर सॅक असल्यामुळे वाकल्यावर पुढेच कलंडणार होतो. सांगितलं चालतोय. काका जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मागच्या वर्षी पडलो होतो म्हणून बसत नाहीस ना माझ्या मागे?" मी म्हटलं अहो नाही काका, तुमची शप्पथ. "असू दे, कळतं मला," असं म्हणून किक मारली, ती लागली नाही, मग मीच ढकलून दिली स्कूटर. आरेवारेचा तो घाट, खाली निळाशार समुद्र, लोक गाड्या उभ्या करून फोटो काढत होते आणि मी काकांना दुखावलं या विचारात चढ कधी संपला कळलंसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत एकूण अकरा लिफ्ट नाकारल्या.

गणपतीपुळ्याला पोचून बूट काढतोय, दोन्ही टाचांना टरटरीत फोड, तर सासऱ्यांचा फोन. एवढ्या गोड आवाजात ते माझ्याशी लग्नातसुद्धा बोलले नव्हते. "जावईबापू, काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा." मग उलगडा झाला. गावात तोवर तीन बातम्या होत्या. एक, हप्ते थकले म्हणून माझी गाडी ओढून नेली. दोन, बायकोशी भांडण होऊन मी बॅग भरून घर सोडलं, सॅकचा आकार बघून हे बहुतेकांना पटलं होतं. आणि तिसरी, डॉक्टरांनी सांगितलंय चालला नाहीत तर काही खरं नाही. मी स्वतःच्या मर्जीने चालतोय ही चौथी बातमी होऊच शकत नव्हती.

बाणकोटहून निघालो ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पहिले दोन दिवस तेच सगळं, कुठून आलात, कोणाचे तुम्ही, गाडी कुठाय, सर्व्हे चाललाय काय, जागा बघताय काय. जागेचा संशय आला की माणसं पाणी देतात पण बोलत नाहीत. तिसऱ्या दिवशी आंजर्ल्याच्या अलीकडे एका आजीबाईंनी अंगणातूनच हटकलं आणि ऊन असं काही तापलं होतं की माझ्यात ट्रेल वगैरे समजवायची ताकद राहिली नव्हती. म्हटलं, "नवस आहे आजी. रेडीच्या गणपतीला चाललोय."

काय सांगू तुम्हाला. खळ्यात खुर्ची आली, कोकम सरबत आलं, सुनेला हाक मारून आमटीभात वाढायला सांगितला, नातवाला सांगितलं पाया पड. मी कोणाचा, कुठला, एक प्रश्न नाही. फक्त एक शंका आली आजींना, "रेडीच कशाला म्हणते मी, आमचा कड्यावरचा काय वाईट आहे?" मुद्दा बरोबर होता. मला वाटेत आंजर्ल्याचा कड्यावरचा लागणार, हेदवीचा दशभुजा लागणार, गणपतीपुळे लागणार, एवढे गणपती ओलांडून जायचं म्हणजे खास कारण हवं. मी म्हटलं तो १९७६ला खाणीत सापडलेला, दोन हातांचा. "हां, मग बरोबर," आजी म्हणाल्या आणि आत जाऊन एक सोललेला नारळ घेऊन आल्या. "एवढा माझ्या नावाचा ठेवा. नातीचं लग्न जमत नाहीये."

आता नाही कसं म्हणणार. पुढे दाभोळच्या जेटीवर फेरीची वाट बघताना चहावाल्याने नारळ दिला, मुलगा मर्चंट नेव्हीत लागावा म्हणून. (बोटीत मी त्या कायदेपंडित भावाच्या समाधानासाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत गाड्यांच्या मधून येरझाऱ्या घातल्या. एका लहान मुलीने आईला विचारलं, हे काका काय शोधतायत?) वेळणेश्वरला एक, गावखडीला दोन. नारळ सोलला तरी अर्धा किलो असतो हो, आणि मी दातांच्या ब्रशचा दांडा अर्धा कापून टाकणारा माणूस, वजन कमी व्हावं म्हणून! जैतापूरला सॅकमध्ये सात नारळ होते आणि खांद्यांची पार वाट लागली होती. तिथे एका दुकानदाराने डोकं चालवलं, म्हणाला देवाने काय नारळावर नंबर घातलाय, इथे मला विका, रेडीला नवे घ्या. विकले. त्यानंतर मी नारळ घेणं बंद केलं, रोख घेऊन डायरीत नाव आणि मागणं लिहून घ्यायला लागलो, पतपेढीतली सवय. मालवणला एकाने तर पावती मागितली.

रोज संध्याकाळी घरी फोन. पहिल्या आठवड्यात आई विचारायची पाय कसे आहेत. दुसऱ्या आठवड्यात विचारायला लागली, "आज किती जमले?" तिच्याही दोन मैत्रिणींची नावं तिने फोनवर सांगून घालायला लावली.

बाविसाव्या दिवशी दुपारी शिरोड्यावरून रेडीला पोचलो. देवळाबाहेरच्या दुकानातून सतरा नारळ घेतले, बाई म्हणाली होलसेल लावते. पुजाऱ्यांसमोर डायरी उघडली. त्यांनी काही आश्चर्य दाखवलं नाही, एकेक नाव विचारून घेतलं आणि रीतसर गाऱ्हाणं घातलं. आंजर्ल्याच्या नातीचं लग्न, दाभोळच्या पोराचं जहाज, गावखडीच्या एकाची वाटणीची केस, कुणाची विहीर, कुणाचा गुडघा, सगळं देवाच्या कानावर घातलं आणि देवळात टेकलेली दोन-चार माणसं प्रत्येक वेळी न चुकता "व्हय म्हाराजा" म्हणत होती. मला उगाच भरून आलं. आमच्या कलमांचा तुडतुडाही मी आयत्या वेळी घुसवला.

सतरा झाले. पुजाऱ्यांनी डायरी मिटून माझ्या हातात दिली.

"आणि तुमचा काय मागणा?"

मी म्हटलं, माझं काही नाही. मी आपला बाणकोटहून चालत आलो.

त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं, मग सॅककडे, मग देवाकडे.

"बाणकोटासून चलत इलात?" ते म्हणाले. "कित्याक?"